प्रत्येकाच्या तोंडी शब्द



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणारी ही व्याख्यानमाला आहे आणि सभागृहही शिक्षकांनी भरलेलं आहे.  विषय कोणता घेणार, असं संयोजकांनी विचारलं, तेव्हा ‘वर्गातले शब्दखेळ’ असं मी सांगितलं. ‘एवढाच?’ असा प्रश्न आला. हो, एवढाच. भाषेवरच्या व्याख्यानांमध्ये आपण माध्यमाचं बोलतो, धोरणाचं बोलतो, अस्मितेचं बोलतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळेच आनंदलो, आणि आनंदायलाच हवं होतं. पण मला आज चौथीच्या वर्गात मागून दुसऱ्या रांगेत, खिडकीशी बसलेल्या एका मुलीविषयी बोलायचं आहे. ती तुमच्या प्रत्येकाच्या वर्गात आहे. ती हजेरीला ‘हजर’ म्हणते. ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळ्यांबरोबर ‘हो’ म्हणते. पाठ वाचायची पाळी आली तर चार ओळी वाचते. याखेरीज, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत, वर्गासमोर तिच्या तोंडून स्वतःचा असा किती मराठी शब्द निघतो?

माझ्या मते मराठीच्या भवितव्याचा प्रश्न इथं आहे. तिच्या तोंडी शब्द कसा येईल, या एका प्रश्नाभोवतीच मी बोलणार आहे. त्यासाठी तीन गोष्टी मांडेन. पहिली, खेळात बोलतं कोण. दुसरी, खेळ मराठीच्या घडणीला साजेसा आहे का. तिसरी, खेळात शब्द कुणाचे आणि कोणते.

आधी ‘पाच मिनिटं’ याविषयी. मी ज्या खेळांबद्दल बोलतो आहे ते पाच मिनिटांत संपणारे आहेत. तासिकेच्या सुरुवातीला, नाहीतर मधल्या सुट्टीनंतर मुलं घामाघूम होऊन परततात तेव्हा. इतका थोडा वेळ का? शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले. म्हणजे आपल्या असंख्य वाड्या-वस्त्यांवर एका शिक्षकाकडे दोन-दोन, तीन-तीन इयत्ता एका वेळी असतात. त्या शिक्षकाला तासभराचा, साहित्य लागणारा, कात्री-डिंक-कार्डशीट मागणारा उपक्रम सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पाच मिनिटांचा खेळ मात्र तो रोज घेऊ शकतो. आणि खरं बळ त्या ‘रोज’मध्ये आहे.

त्या रोजच्या खेळात मुलाला शब्द आठवावा लागतो, आणि त्याचं महत्त्व का, याला आधार आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून, मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. याचा आपल्या वर्गाशी काय संबंध? आपण फळ्यावर शब्दार्थ लिहितो, मुलं उतरवून घेतात, घरी पाच वेळा लिहून आणतात. दुसऱ्या दिवशी विचारलं तर उत्तरं येतात आणि आपलं समाधान होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर विचारा. शब्द गेलेला असतो. कारण तो डोळ्यांसमोरून गेला, हातातून गेला, पण मुलाला तो मनात शोधावा लागला नाही. शब्दखेळ मुलाला नेमकं हेच करायला लावतो. दोन-चार सेकंद मूल आत कुठंतरी शब्द शोधत असतं. बाहेरून ते गप्प दिसतं, छताकडे बघत असतं, आणि आपण घाई करून उत्तर सांगून टाकतो. ती दोन-चार सेकंदं मुलाची आहेत. ती काढून घेऊ नका.

आता पहिला मुद्दा. खेळात बोलतं कोण?

आपल्याकडे शब्दखेळांची वाण कधीच नव्हती. भेंड्या आहेत, कोडी आहेत, उखाणे आहेत. गोव्यात कोड्यांना हुमाणीं म्हणतात. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ भरभर म्हणताना ज्याची जीभ अडखळली नाही असं मराठी मूल मला दाखवा! भोंडल्यातला खिरापत ओळखण्याचा भाग आठवून पाहा. डबा झाकलेला. मुली विचारतात, गोड की तिखट? डबा हलवला तर वाजतं का? चमच्यानं खायचं की हातानं? ताजं की टिकाऊ? एकेक नाव घेतलं जातं आणि यजमानीण मान हलवते. भाषाशिक्षणाची पुस्तकं ज्याला ‘वर्णनावरून शब्दापर्यंत जाणं’ म्हणतात, ते आपल्या आज्या अंगणात करून घेत होत्या. आणि त्यात एक मोठी गोष्ट होती: चुकीचं नाव घेतलं म्हणून कुणाला फेराबाहेर काढत नसत. उलट चुकीच्या नावानं सगळ्याच थोड्या पुढे सरकत.

शाळेत आल्यावर आपण याचं काय केलं? त्याची स्पर्धा केली. दोन गट, फळ्यावर गुण, आणि चुकला तो बाद. जरा शांतपणे विचार करा. बाद कोण होतं? ज्याच्याकडे शब्द कमी आहेत ते मूल. शेवटपर्यंत कोण खेळतं? ज्याच्या घरी वर्तमानपत्र येतं, गोष्टीची पुस्तकं आहेत, ज्याचे आईवडील संध्याकाळी त्याच्याशी बोलतात, ते मूल. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्याला पहिल्याच मिनिटाला आपण भिंतीशी बसवलं, आणि ज्याला गरज नव्हती त्याला पाच मिनिटं सराव दिला. वर्गात हशा होता, टाळ्या होत्या. बाहेरून बघणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, काय जिवंत वर्ग आहे! पण खिडकीजवळची मुलगी पुन्हा गप्प.

म्हणून माझी एकच कसोटी आहे. खेळ संपल्यावर ‘मुलांना मजा आली का’ एवढंच विचारू नका. विचारा, किती मुलांनी शब्द शोधला? किती मुलांच्या तोंडून, किंवा पाटीवर, तो उतरला? चाळीसपैकी सहा असतील तर तो खेळ त्या सहा जणांचा झाला.

मग चाळीसच्या चाळीस कशी आणायची? आपल्याकडे पाटी आहे. प्रश्न विचारायचा, हात वर करायला सांगायचं नाही. प्रत्येकानं पाटीवर शब्द लिहायचा, आणि ‘दाखवा’ म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. एका नजरेत शिक्षकाला सगळा वर्ग वाचता येतो. कुणी शेजाऱ्याचं बघून लिहिलं, तेही दिसतं, आणि त्याबद्दल रागवायचं कारण नाही, त्याला तो शब्द मिळाला. दुसरा मार्ग जोडीचा. वर्गाला सांगण्याआधी शेजारच्याला सांगायचं. एका मिनिटात वीस मुलं एका वेळी बोलतात. गोंधळ होतो. होऊ द्या, तो मराठीचा गोंधळ आहे.

‘नाव, गाव, फळ, फूल’ हा खेळ मला यासाठीच फार मोलाचा वाटतो. अक्षर ठरतं, वही उघडी, आणि प्रत्येकजण आपापलं लिहितो. कुणाची पाळी नाही, कुणी बाद नाही. आणि त्याची गुण देण्याची पद्धत बघा. सगळ्यांना सुचलेल्या शब्दाला पाच, आणि जो फक्त तुम्हालाच सुचला त्याला दहा. म्हणजे ‘फूल’ खाली ‘गुलाब’ लिहिणाऱ्यापेक्षा ‘गोकर्ण’ लिहिणाऱ्याला जास्त. रानात हिंडणाऱ्या, बाजारात आईबरोबर बसणाऱ्या मुलाला जे शब्द येतात ते पहिल्या बाकावरच्या मुलाला येत नाहीत. या खेळात ते मूल जिंकू शकतं. फक्त रकाने बदला. कधी ‘अवजार’ घ्या, कधी ‘भाजी’, कधी ‘आवाज’. ‘ख’ आला तर आवाजात खळखळ, खणखण, खसखस, खडखडाट. मराठीत पाण्याच्या, पानांच्या, भांड्यांच्या आवाजांना किती शब्द आहेत, हे मुलांना एकदा मोजू द्या. ती शाळा सुटल्यावरही मोजत राहतात.

इथं गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकाची आठवण केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्यातला शिक्षक मोठ्या उत्साहानं पहिल्या दिवशी वर्गात येतो आणि शांततेचा खेळ घ्यायचा ठरवतो. घरी सगळी आखणी झालेली असते. आणि वर्ग त्याचा पुरता बोजवारा उडवतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, आणि तीच मुलं गप्प होऊन ऐकतात. खेळ चांगला होता की वाईट, हा प्रश्नच नव्हता. तो त्या मुलांना बघून ठरवलेला नव्हता, एवढंच. आज आपल्या मोबाईलवर रोज दहा खेळ येऊन पडतात. कुठल्या तरी शहरातल्या, कुठल्या तरी वर्गात ते छान चालले असतील. माझ्या वर्गात ते चालतील का, हे मलाच ठरवावं लागेल.

यातूनच दुसरा मुद्दा येतो. तो जरा तपशिलाचा आहे, पण माझ्या अतिशय जिव्हाळ्याचा आहे. खेळ मराठीच्या घडणीला साजेसा हवा.

आपण बरेच शब्दखेळ इंग्रजीतून उचलतो. मोकळ्या रेघा काढून एकेक अक्षर ओळखायचं. अक्षरांची सरमिसळ करून शब्द जुळवायचा. इंग्रजीत एकेक वर्ण सुटा असतो. मराठीत काय सुटं करणार? ‘प्रार्थना’ या शब्दाला किती रेघा काढायच्या? तीन. प्रा, र्थ, ना. रफार कुठं आहे, तो कशाच्या डोक्यावर बसला, प्रा मधला र आणि र्थ मधला र वेगळे का दिसतात, हे सगळं मुलाच्या हाताला त्या तीन रेघांमध्ये कळतं. मराठी मूल भाषा तोडतं ते अक्षरात, मात्रेसकट, जोडाक्षरासकट. आपले जुने खेळ याच मापानं बनले आहेत. ‘रामाला भाला मारा’ उलट वाचून पाहा. ‘ती होडी जाडी होती’ उलट वाचा. अक्षराच्या मापानं ते तंतोतंत जुळतात. हे सांगितल्यावर मुलं स्वतः शोधायला लागतात. आधी सोपे सापडतात: कडक, सरस, नयन. मग जहाज. मग कुणीतरी धावत येतं, ‘बाई, समास!’ आणि एखाद्या दिवशी ‘नवजीवन’ सापडतं, त्या दिवशी तो वर्ग सणासारखा असतो. आणि ‘चिमा काय कामाची’? मोठ्यानं म्हणताना ते जुळल्यासारखं वाटतं. मुलांना फळ्यावर लिहायला लावा. पहिली चि ऱ्हस्व, शेवटची ची दीर्घ! ऱ्हस्व-दीर्घाचा नियम पाठ न करता मुलांनी स्वतः पकडला. हे जुळतं की नाही, असा वाद मी तिसरी-चौथीच्या मुलांना मधली सुट्टी संपेपर्यंत घालताना पाहिलं आहे.

आणखी एक खेळ सांगतो, शब्दाच्या पोटातले शब्द. ‘कारखानदार’ हा शब्द फळ्यावर लिहा. यातली अक्षरं मात्रेसकट तशीच ठेवायची, फक्त जागा बदलायच्या. कार, कान, खान, खार, दार, दान, नर. इथपर्यंत सगळे येतात. मग वर्ग थांबतो. शिक्षकानं इथं थांबायचं, सांगायचं नाही. कुणाला तरी ‘नकार’ सापडतो. ‘हवामान’ घ्या. हवा आणि मान तर समोरच आहेत. ‘मावा’ जरा वेळानं मिळतो. ‘वाहन’ मिळायला अक्षरं उलटसुलट करावी लागतात, आणि ज्याला मिळतं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

शब्दांच्या भेंड्यांचंही असंच. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. इंग्रजीत हा खेळ फारसा अडत नाही. मराठीत ‘कमळ’ म्हटलं की खेळ ठप्प. ळ वरून शब्द आणा! येत नाही. ‘बाण’ म्हटलं, ण वरून आणा. येत नाही. सांगली-कोल्हापूरकडे वर्गात जैन घरातलं एखादं मूल असलं तर ते मात्र ‘णमोकार’ म्हणून सगळ्यांना गप्प करतं. मग प्रश्न येतो, ळ नं शब्द सुरू का होत नाही? सात-आठ वर्षांच्या मुलानं स्वतःहून विचारलेला हा व्याकरणाचा प्रश्न आहे. कुठल्या पाठ्यपुस्तकानं तो त्याच्या तोंडी घातलेला नाही. यावर लगेच नियम सांगून मोकळे होऊ नका. मुलांनाच नियम ठरवू द्या. ‘गाडी’ नंतर डी वरून आणायचा की ड वरून चालेल? डी म्हटलं तर ‘डीझेल’ येईल, मग पुढे काय? ‘वस्त्र’ नंतर स्त्र वरून? कुणाला ‘स्त्री’ सुचेल. या वाटाघाटींत पाच मिनिटांची सात मिनिटं झाली तरी हरकत नाही.

आणि लिंग! मराठीला तीन लिंगं आहेत. ज्या मुलाच्या घरी हिंदी बोलतात त्याला दोनाची सवय आहे, आणि तिसरं त्याला फार छळतं. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे असं मूल आज हजारो वर्गांत बसलं आहे. सॅन होजे, टोरांटो किंवा लंडनला रविवारच्या मराठी शाळेत बसणाऱ्या मुलांचंही दुखणं हेच. त्यांना तक्ता पाठ करायला देऊ नका. वर्गाच्या तीन कोपऱ्यांना तो, ती, ते अशी नावं द्या. शब्द म्हटला की मुलांनी त्या कोपऱ्यात पळायचं. टेबल? खुर्ची? पुस्तक? मुलं धावतात, एकमेकांना ओढतात, आणि मग तुम्ही ‘ढेकर’ म्हणा. वर्ग दुभंगतो! ‘बाग’ म्हणा, पुन्हा दुभंगतो. ‘पोर’ म्हटल्यावर तर तिन्ही कोपरे भरतात. आणि तिन्ही बरोबर आहेत. व्याकरणाची पुस्तकंसुद्धा या शब्दांना एकाहून अधिक लिंगं देतात. आपल्या घरी म्हणतात ते चूक नाही, हे मुलाला त्या क्षणी कळतं.

इथून तिसऱ्या मुद्द्यावर येतो. खेळात शब्द कुणाचे?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं राखायची होती. तेव्हा शाळाच कुरणावर नेली. तिला नाव दिलं कुरणशाळा. शंखशिंपले, गोटे, बिया, पानं हेच तिथलं साहित्य. साहित्य म्हणून मुलाच्या आसपासची वस्तू घ्यायची हे आपण त्यांच्याकडून शिकलो. पण त्या वस्तूचं मुलाच्या घरी असलेलं नाव घ्यायला आपण अजून शिकलो नाही, असं मला वाटतं. पान घेतो, आणि लगेच त्याचं पुस्तकातलं नाव सांगतो. मूल घरून एक शब्द घेऊन आलेलं असतं. तो शाळेच्या दारात काढून ठेवावा लागतो, चपलेसारखा.

एक खेळ करून पाहा. एक वस्तू दाखवा आणि विचारा, तुमच्या घरी हिला काय म्हणतात? झाडायची वस्तू घ्या. केरसुणी येईल, झाडू येईल, खराटा येईल, फडा येईल. मग कुणी सांगेल, खराटा अंगणासाठी, केरसुणी घरात. म्हणजे हे शब्द एकमेकांचे समानार्थी नाहीत, प्रत्येकाचं काम वेगळं आहे. शेत घ्या. कुणी शेत म्हणेल, कुणी रान, कुणी मळा, खानदेशातून किंवा वऱ्हाडातून आलेलं मूल म्हणेल वावर. फळ्यावर सगळे लिहा. एकाही शब्दापुढे फुली नको. गोंडी, कोरकू, भिली, कातकरी बोलणाऱ्या मुलाचा शब्दही त्याच ओळीत, त्याच खडूनं, त्याच आकारात लिहा. पुस्तकातला शब्द तुम्ही त्याच ओळीत मांडा आणि सांगा, पुस्तकात असा लिहितात. मुलाला दोन्ही मिळाले. जे मूल महिनोन्महिने बोललं नाही, ते अशा दिवशी बोलताना मी पाहिलं आहे, कारण त्या दिवशी पहिल्यांदाच उत्तर त्याच्याकडे होतं आणि शिक्षकाकडे नव्हतं.

याच जातीचा दुसरा खेळ, ‘वेगळं कोण?’ स्पर्धा परीक्षांनी याची एकाच उत्तराची बहुपर्यायी चाचणी करून टाकली. तो मोकळा करा. आंबा, फणस, काजू, करवंद. वेगळं कोण, आणि का? एक मूल म्हणतं, करवंद, त्याच्या जाळीला काटे असतात. दुसरं म्हणतं, फणस, तो खोडाला लागतो. तिसरं, काजू, त्याची बी बाहेर लोंबते. मग कुणी म्हणतं, आंबा, कारण कच्च्या आंब्याला वेगळं नाव आहे, कैरी. इतक्यात कोकणातलं मूल उठतं, ‘कच्च्या फणसाला पण आहे, कुयरी!’ बघा, एका खेळात किती निरीक्षण, किती ‘कारण’, किती ‘पण’ बाहेर पडले. शब्द ओळखणं ही पहिली पायरी. त्या शब्दावर वाक्य उभं करून दुसऱ्याला पटवणं ही खरी भाषा. ‘का?’ हा प्रश्न नसेल तर शब्दखेळ अर्ध्यावरच थांबतो.

पाठीमागच्या शब्दाचा खेळही असाच. एक मूल वर्गाकडे तोंड करून बसतं, त्याच्या मागं फळ्यावर शब्द लिहिलेला. वर्गानं तो न उच्चारता खुणा सांगायच्या. ‘उधार’ लिहा. मुलं धडपडतात. पैसे नसतात तेव्हा. वहीत लिहितात. आणि किराणा दुकानदाराचा मुलगा म्हणतो, ‘आमच्या दुकानात पाटी आहे, आज मिळत नाही, उद्या मिळेल!’ यापेक्षा चांगली व्याख्या कुठला कोश देईल?

आता, कोणते शब्द? यावर मला थोडं कठोर बोलायचं आहे. आपण ‘कठीण शब्द’ म्हणून धड्याखाली आलेले शब्द निवडतो. कवितेतला एखादा शब्द, जो मुलाला पुन्हा कधीच भेटणार नाही, त्यावर आठवडा घालवतो. आणि मूल अडतं कुठं? गणितात. ‘अमुक इतक्या लाडवांतून तीन मुलांना प्रत्येकी चार लाडू दिले, उर्वरित लाडू किती?’ गुणाकार त्याला येतो. वजाबाकी येते. ‘प्रत्येकी’ येत नाही. ‘उर्वरित’ येत नाही. पैकी, अनुक्रमे, एकूण, किमान, दरम्यान. विज्ञानात निरीक्षण, परिणाम, तुलना, अंदाज, वैशिष्ट्य. हे शब्द प्रत्येक विषयात, प्रत्येक इयत्तेत, प्रत्येक प्रश्नपत्रिकेत येतात, आणि ते कुणीच शिकवत नाही, कारण ते कुठल्याच विषयाचे नाहीत. गणिताच्या शिक्षकाला वाटतं मराठीच्या तासाला झाले असतील, मराठीच्या शिक्षकाला वाटतं हे गणितातले. मग मूल गणितात कच्चं ठरतं. ते गणितात कच्चं नव्हतं हो! त्याला फक्त एक शब्द कुणी दिला नव्हता. चिंचोके घ्या आणि रोज पाच मिनिटं खेळा. प्रत्येकी दोन वाट. उरलेले मोज. यांपैकी काळे किती? मीना आणि राजू यांना अनुक्रमे तीन आणि पाच दे. मूल चिंचोके वाटताना शब्द बोलतं, आणि शब्द हाताला कळतो.

आणि हे शब्द परत यायला हवेत. मिठाईचा एक रिकामा खोका वर्गात ठेवा. खेळात आलेला प्रत्येक नवा शब्द चिठ्ठीवर लिहून त्यात टाका. चिठ्ठी मुलांनीच लिहायची. परिपाठात, किंवा तास सुरू होताना, तीन चिठ्ठ्या काढायच्या. आजचा शब्द उद्या, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पुन्हा हाती लागतो. ज्या मुलानं तो आणला होता त्याला तो आठवतोच, आणि ते मान उंच करून बघतं.

शेवटी एका आक्षेपाविषयी. ‘सर, हे सगळं ठीक, पण अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा? तपासणीला साहेब आले आणि वर्ग खेळताना दिसला तर?’ हा प्रश्न मला प्रत्येक प्रशिक्षणात येतो, आणि विचारणारा शिक्षक आळशी नसतो, तो घाबरलेला असतो. अभ्यासक्रमाचं उत्तर मी दिलं: ‘प्रत्येकी’ कळलं की गणिताचे धडे लवकर पूर्ण होतात. तपासणीचं उत्तर मात्र मी देऊ शकत नाही. ते इथं पहिल्या रांगेत बसलेले केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी देऊ शकतात. तुम्हाला माझी हात जोडून विनंती आहे. वर्गात गेलात की वह्या तपासा, हजेरीपट बघा, तुमचं काम आहे ते. पण त्याआधी मागच्या बाकाशी जाऊन पाच मिनिटं बसा. शिक्षकाला म्हणा, तुमचा रोजचा खेळ घ्या. आणि तुमच्या शेऱ्यात एक ओळ वाढवा: या पाच मिनिटांत किती मुलं बोलली. फक्त आकडा लिहा. पुढच्या भेटीत तो आकडा पुन्हा लिहा. शिक्षकाला कळेल की साहेब वर्गाची शांतता मोजत नाहीत, मुलांचे शब्द मोजतात. खिडकीजवळच्या मुलीच्या तोंडून त्या दिवशी एखादा शब्द आला, तर तोही त्या शेऱ्यात जरूर लिहा, तिच्या घरच्या बोलीतला असला तरी.

 प्रश्नांसाठी मी थांबलो आहे. जे शिक्षक वर्गात काही वेगळे खेळ घेत असतील, त्यांनी ते आधी सांगावेत.